तोटा कुणाच्या अंगावर?

प्रश्न : मॅडम, मी बारावी कला शाखेत शिकते. भांडवलशाही, समाजवादी आणि मिश्र हे अर्थव्यवस्थेचे प्रकार मला तोंडपाठ आहेत, चाचणीत पूर्ण गुणही मिळाले. पण आमच्याकडे आजी आणि आई विड्या वळतात, बाबा यंत्रमागावर आहेत, धान्य रेशनचं येतं. मग आमचं घर कुठल्या प्रकारात बसतं? सरांना विचारलं तर ‘मिश्र’ म्हणाले. ते बरोबर असेल, पण मला कळल्यासारखं वाटत नाही.
— विद्यार्थिनी, विडी घरकुल, सोलापूर

उत्तर : तुझे सर बरोबर सांगतात. आणि तुला कळल्यासारखं वाटत नाही, हेही मला पटतं. मी एकतीस वर्षं सोलापुरातल्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवलं. दर जूनमध्ये फळ्यावर तेच रकाने आखले, मुलींनी ते वहीत उतरवून घेतले. त्यांतल्या निम्म्या मुली घरी जाऊन सूप मांडीवर घेत होत्या, आणि त्या सुपाचा फळ्याशी काय संबंध हे मी बरीच वर्षं त्यांना सांगितलंच नाही. तुझ्या पत्राने ती संधी दिली.

माझी आत्या साखर पेठेतल्या दोन खोल्यांच्या घरात विड्या वळायची. मी शेजारी बसून अभ्यास करायचे. सुपात एका बाजूला भिजवलेली पानं, दुसऱ्या बाजूला तंबाखू. पानावर पत्र्याचा तुकडा ठेवायचा, कात्रीने त्या मापाचं कापायचं, चिमूटभर तंबाखू घालून बोटांत फिरवायचं, दोरा बांधायचा, तोंड दुमडायचं. पंचवीस झाल्या की कट्टा. हजार झाल्या की दिवस संपला. पानं आणि तंबाखू कारखान्याकडून यायचा आणि दिलेल्या पानात हजार विड्या बसल्याच पाहिजेत, असा हिशेब असायचा. पान चिरलेलं किंवा डागाळलेलं निघालं तर कमी पडणारं पान आत्या पदरच्या पैशांनी विकत आणायची. संध्याकाळी तपासणारा मूठभर विड्या बाजूला टाकायचा. त्यांची मजुरी नाही, आणि त्या विड्याही परत मिळायच्या नाहीत.

आता हे काय म्हणायचं? कारखाना खासगी, माल नफ्यासाठी, म्हणजे भांडवलशाही. पण हजारी मजुरीचा किमान दर सरकारने ठरवायचा, हे १९४८ च्या किमान वेतन कायद्यापासून आलं आणि विडी कामगारांसाठी १९६६ मध्ये वेगळा कायदा झाला. म्हणजे भाव एकट्या बाजाराच्या हातात नाही. आणि शाळेतून आल्यावर मी आत्याच्या विड्यांना दोरे बांधायचे, त्याची मजुरी कुणी लावली? कुणीच नाही. तो घरचा रिवाज. पुस्तकात ज्याला परंपरागत अर्थव्यवस्था म्हणतात, ती माझ्या बोटांत होती.

म्हणून नाव ठरवण्याआधी तीन प्रश्न विचारायचे. साधनं कुणाच्या मालकीची? काय, किती आणि काय भावाने हे कोण ठरवतं? आणि तोटा आला तर तो कुणाच्या अंगावर पडतो? पहिले दोन तुला कुठल्याही पुस्तकात सापडतील. तिसरा मी आत्याच्या चिरलेल्या पानावरून शिकले, आणि माझ्या मते तोच सगळ्यांत महत्त्वाचा.

हे तीन प्रश्न घेऊन आधी आपल्या जुन्या गावगाड्याकडे बघ. सुताराने वर्षभर नांगर-कुळव दुरुस्त करायचे आणि सुगीला खळ्यावर जाऊन बलुतं घ्यायचं. पैसा नाही, घासाघीस नाही. काम ठरवायचा तो जन्म. कुणब्याचं पीक बुडालं तर सगळ्यांचंच बलुतं बुडायचं, पण ज्याच्या वाट्याला आधीच कमी आणि ज्याला काम नाकारायची सोय नाही, त्याची उपासमार आधी. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात महार वतनाच्या, म्हणजे जन्माने गळ्यात पडलेल्या गावकामाच्या, जाचाविरुद्ध बिल आणलं ते उगाच नाही. ती कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा व्हायला पुढे १९५८ साल उजाडलं. जुन्या गावात किती एकोपा होता असं कुणी भाषणात सांगू लागलं की मला राग येतो. एकोपा वाड्यातून दिसायचा, वेशीबाहेरून नाही.

बाजाराची व्यवस्था तुझ्या बाबांच्या मागावर दिसेल. चादरीवर मोर काढायचा की वेलबुट्टी, चादर विणायची की टॉवेल, हे कुठलं सरकारी खातं ठरवत नाही. सोलापुरी चादर आणि टॉवेल यांना भौगोलिक मानांकन मिळालं ते २००५ च्या सुमारास, पण मानांकन मिळालं म्हणून गिऱ्हाईक आलंच पाहिजे असा कायदा नाही. गिऱ्हाईक हलक्या ब्लँकेटकडे वळलं तसे आपल्या शहरातले कितीतरी माग टॉवेलवर गेले. कुणी हुकूम दिला नाही. मागणी घटली, भाव पडला, मालकाने ओळखलं. हे या व्यवस्थेचं खरं बळ आहे : लाखो लोकांच्या आवडीनिवडी एका भावात कळतात. पण मालकाचा अंदाज चुकला तर मालकाबरोबर कामगाराचेही दिवस भरत नाहीत. नफ्यात त्याचा वाटा ठरलेला नसतो, तोट्यात मात्र न विचारता धरलेला असतो.

तिसरी पद्धत केंद्रीय नियोजनाची. सोव्हिएत रशियात १९२१ मध्ये ‘गॉसप्लान’ हे नियोजन मंडळ झालं आणि १९२८ पासून पंचवार्षिक योजना सुरू झाल्या. कारखाने सरकारचे, किती माल काढायचा ते मॉस्को सांगणार, भावही तिथूनच. त्यांनी कारखानदारी झपाट्याने उभी केली आणि हाताला काम दिलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. अडचण कुठे झाली ते चादरीवरूनच सांगते. समज, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीला वरून हुकूम आला की यंदा इतके टन चादरी काढा. काय होईल? चादरी जाड आणि जड निघतील. पुढच्या वर्षी हुकूम आला, इतके मीटर काढा. तर विरळ निघतील. सोव्हिएत काचकारखान्यांत हेच घडलं : उद्दिष्ट टनांत होतं तेव्हा काच जाड, चौरस मीटरमध्ये आलं तेव्हा इतकी पातळ की हाताळताना तडकायची. कारखान्याचं उद्दिष्ट पुरं झालं, म्हणजे कागदावर तोटा नाही. तो रांगेत उभ्या असलेल्या बाईच्या पिशवीत गेला.

चीनची एक हकिकत मी वर्गात दर वर्षी सांगायचे. १९७८ च्या शेवटी आन्हुई प्रांतातल्या शियाओगांग गावात अठरा शेतकरी रात्री गुपचूप जमले. सामुदायिक शेतीत उपासमार पाहिलेली माणसं. त्यांनी कागदावर लिहिलं की जमीन घरटी वाटून कसायची, सरकारचा ठरलेला धान्याचा हिस्सा द्यायचा आणि उरेल ते ज्याचं त्याने ठेवायचं. पकडले गेलो तर तुरुंगात जाणाऱ्यांची पोरं बाकीच्यांनी अठरा वर्षांची होईपर्यंत सांभाळायची, असंही त्यात होतं. खाली अंगठे उमटवले. पुढच्याच हंगामात धान्य कितीतरी पटीने वाढलं, आणि नंतर ही पद्धत देशभर गेली. आता इथे नीट बघ. जमिनीची मालकी बदलली नव्हती. चीनमध्ये खेड्यातली शेतजमीन आजही सामूहिक मालकीची आहे. बदललं ते एवढंच की किती कसायचं हे कोण ठरवतं आणि जास्तीचं धान्य कुणाच्या घरात जातं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर तेच राहिलं, पुढच्या दोन प्रश्नांची उत्तरं बदलली, आणि गाव जेवलं.

तर तुझं घर. रेशनचं धान्य २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली येतं. त्याचं माणशी माप आणि भाव सरकार ठरवतं. बाबांचा माग बाजारावर. विड्यांचं मी वर सांगितलं. घराचं म्हणशील तर तुमचं घरकुल किंवा कुंभारीची विडी कामगारांची वसाहत बघ. कुंभारीतली १०,००० घरं २००६ मध्ये कामगार बायांच्या हातात आली : लढा युनियनचा, संस्था सहकारी, पैसा थोडा केंद्राचा, थोडा राज्याचा, थोडा विड्या वळणाऱ्या बायांच्या खिशातला. ‘मिश्र’ हा शब्द यासाठी आहे, आणि तो कळायला घरातल्या एकेका वस्तूपाशी थांबावं लागतं. आज रात्री आजीला एवढंच विचार : पान कमी पडलं तर कोण भरतं? तिच्या उत्तरावरून तू परीक्षेत एक जास्तीचा परिच्छेद लिहू शकशील.

प्रश्न : साम्यवाद आणि समाजवाद एकच का? आणि स्वीडनला कुणी समाजवादी म्हणतं, कुणी भांडवलशाही. नक्की काय?
— वाचक, बार्शी

उत्तर : एक नाही. साम्यवादी विचारात खासगी मालकी आणि शेवटी राज्यसंस्थाही उरत नाही; असा समाज कुठल्याच देशात प्रत्यक्ष आलेला नाही. सोव्हिएत रशियात पक्ष कम्युनिस्ट होता, पण देशाच्या नावात शब्द होता ‘समाजवादी’. समाजवादाची छत्री खूप मोठी आहे, तिच्याखाली निवडणुका मानणारेही येतात. आपल्या घटनेच्या उद्देशिकेत हा शब्द १९७६ मध्ये ४२ व्या दुरुस्तीने आला.

स्वीडनमध्ये बहुतेक कारखाने आणि दुकानं खासगी आहेत, भाव बाजार ठरवतो. म्हणजे मी वर मांडलेल्या तीन प्रश्नांपैकी मालकी आणि भाव या पहिल्या दोन प्रश्नांत तो भांडवलशाहीकडे झुकतो. पण आजारपण, बेकारी, बाळंतपण यांचा भार माणसाच्या एकट्याच्या अंगावर पडू देत नाहीत. मोठ्या करातून तो सगळे मिळून उचलतात. तोट्याच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर वेगळं असल्यामुळे लोकांचा नावाबद्दल गोंधळ होतो.

प्रश्न : मी मूळचा मोहोळ तालुक्यातला, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. माझं मत, सरकारने हात काढून घ्यावा, बाजार सगळं नीट करतो. बाबा कांदा करतात. ते म्हणतात, सरकार हवंच. दिवाळीत यावरून आमचा मोठा वाद झाला आणि त्यांनी दोन दिवस अबोला धरला. मॅडम, बरोबर कोण?
— वाचक, पुणे

उत्तर : आधी बाबांना फोन करा. मग हे वाचा.

फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा आणला. भाव लागला किलोला १ रुपया. पट्टीत, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदात, हमाली, तोलाई, मोटारभाडं वजा झालं आणि हातात चेक आला २ रुपयांचा, तोही पुढच्या तारखेचा. त्या पट्टीचा फोटो राज्यभर फिरला. मी तो पाहिला तेव्हा पेपर खाली ठेवला आणि बराच वेळ काही सुचलं नाही. बाजाराच्या भाषेत त्या पट्टीत चूक काहीच नव्हती. आवक जास्त, मागणी कमी, भाव पडला.

आता पुढचं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कांदा महागण्याची चिन्हं दिसताच केंद्राने निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं आणि ८ डिसेंबरला निर्यातच बंद केली. बंदी उठली मे २०२४ मध्ये, तीही शुल्क आणि किमान निर्यात दराच्या अटी ठेवून. ते शुल्क पुरतं गेलं १ एप्रिल २०२५ ला. म्हणजे भाव पडला की तुमच्या बाबांच्या वाट्याला बाजार येतो आणि भाव चढला की सरकार येतं. शहरात राहणाऱ्या तुम्हाआम्हाला नेमकं उलट मिळतं : स्वस्ताईत बाजार आमच्या बाजूने, महागाईत सरकार आमच्या बाजूने. म्हणून तुम्ही म्हणता ‘सरकार नको’ तेव्हा बाबांना वाटतं की पोरगा १ रुपयाचा भाव कबूल करतोय. आणि ते म्हणतात ‘सरकार हवं’ तेव्हा त्यांना निर्यातबंदी हवी असते असं थोडंच आहे? पडत्या भावात हात देणारं सरकार त्यांना हवंय. तुमचा वाद सरकार असावं की नसावं यावर झाला. माझ्या मते तो सरकारने कधी यावं आणि कुणासाठी यावं यावर व्हायला हवा होता.

तुम्ही सोलापूरचे, म्हणून आणखी एक सांगते. पुण्यात कुणी सांगणार नाही. ऑगस्ट १९४९ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी, आपली ‘जुनी मिल’, बंद पडली. हजारो माणसं घरी बसली. ९ जानेवारी १९५० ला, म्हणजे राज्यघटना लागू व्हायच्या सतरा दिवस आधी, केंद्र सरकारने खास या एका कंपनीसाठी वटहुकूम काढला आणि कारभार आपल्या हाती घेतला. कारण दिलं ते गैरव्यवस्थापन, कापडासारख्या गरजेच्या मालाचं नुकसान आणि बेकारी. एका भागधारकाने सुप्रीम कोर्टात आव्हान दिलं. डिसेंबर १९५० मध्ये तीन विरुद्ध दोन अशा मतांनी ते फेटाळलं गेलं. मग सरकारने नेमलेल्या संचालकांनी प्रेफरन्स शेअरवाल्यांकडे, म्हणजे लाभांशात ज्यांचा हक्क आधी त्यांच्याकडे, शेअरमागे आणखी ५० रुपये मागितले. त्यावरून दुसरा भागधारक कोर्टात गेला आणि डिसेंबर १९५३ मध्ये तो जिंकला : भरपाई न देता मालमत्ता काढून घेतली, असं कोर्टाने म्हटलं. अशा निकालांनंतर १९५५ मध्ये घटनेची चौथी दुरुस्ती झाली, आणि लोकहितासाठी एखाद्या उद्योगाचा कारभार काही काळ सरकारने हाती घ्यायची वाट मोकळी झाली.

भारताने मिश्र अर्थव्यवस्था स्वीकारली, हे वाक्य पुस्तकात किती सहज येतं! ते ठरताना बुडत्या गिरणीचा तोटा भागधारकाने सोसायचा, कामगाराने की सरकारने, यावर चार वर्षं कोर्टात भांडण चाललं, आणि ते आपल्या गावच्या गिरणीवरून चाललं.

आणि उद्योजक विरुद्ध सरकार अशी सरळ रेघ ओढू नका. वालचंद हिराचंद १८८२ मध्ये सोलापुरातच जन्मले. त्यांनी १९४० मध्ये बंगळूरचा विमान कारखाना काढला. युद्धकाळात, १९४२ मध्ये, सरकारने तो आपल्याकडे घेतला, त्याचंच पुढे एचएएल, म्हणजे हिंदुस्थान एरोनॉटिक्स, झालं. त्यांनी उभारलेल्या विशाखापट्टणमच्या गोदीतून १९४८ मध्ये ‘जलउषा’ हे जहाज पाण्यात उतरलं आणि १९५२ मध्ये त्या गोदीतही सरकार मोठं भागीदार झालं. धाडस खासगी माणसाचं, नंतर पोसलं सरकारी पैशाने. दोहोंपैकी एकाला वगळलं तर ही गोष्ट सांगताच येत नाही.

प्रश्न : मी माळशिरस तालुक्यातला ऊस उत्पादक, सहकारी कारखान्याचा सभासद. शेजारी खासगी कारखानाही आहे. नातू म्हणतो, सहकार म्हणजे समाजवादच. पण आमच्या उसाचा दर दिल्लीत ठरतो. मग सहकार हा नक्की कुठला प्रकार?
— सभासद शेतकरी

उत्तर : दादा, सहकार हा चौथाच प्रकार आहे, आणि महाराष्ट्राने तो देशाला दाखवला. १९५० च्या सुमारास प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना उभा केला. कंपनीत ज्याचे शेअर जास्त त्याची मतं जास्त. सहकारात शेअर एक असो की पन्नास, माणशी मत एकच. सरकारी कारखान्यात मालक सरकार. इथे मालक तुम्ही. म्हणून नातवाला सांगा की हा समाजवाद नाही, खासगी मालकीच आहे, फक्त ती अनेकांनी मिळून धरलेली आहे.

दर कोण ठरवतं, यात मात्र तुम्ही सभासद आणि शेजारच्या खासगी कारखान्याला ऊस घालणारा शेतकरी एकाच नावेत आहात. २००९ पासून एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, केंद्र सरकार ठरवतं. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्यासाठी, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणासाठी, क्विंटलला ३५५ रुपये. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर १५ टक्के व्याज, हेही १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातलंच. दुसऱ्या टोकाला कारखान्याने महिन्याला किती साखर विकायची त्याचा कोटा केंद्र देतं. साखरेचा किमान विक्री दर २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये केला आणि तो वर्षानुवर्षं तिथेच राहिला, त्या काळात एफआरपी २७५ वरून ३५५ वर गेली. मधल्या चिमट्यात कारखाना. कारखाना अडचणीत आला की राज्य सरकारची थकहमी मागायची, जिल्हा बँकेचं कर्ज वाढवायचं. आणि तेही फेडता आलं नाही तर लिलाव. तोट्याचा हा प्रवास सभासदाच्या अंगावरून बँकेच्या ठेवीदाराच्या आणि करदात्याच्या अंगावर जातो. ज्याने कधी कांडं लावलं नाही तोही त्यात येतो.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, ती मी काढते. तुमच्या फडात बीडकडून ऊसतोडणीची टोळी येते. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, मजुरी टनावर. पाऊस पडून फड ओला झाला, वाहन अडकलं, गाळप थांबलं, तर त्या दिवशी टन नाही आणि मजुरीही नाही. कारखान्यातल्या साखरेची पहिली मेहनत त्यांची, पण सभासद यादीत ते नाहीत. माणशी एक मत, हे तत्त्व मला फार प्रिय आहे. ते फडाच्या बांधापाशी येऊन थांबतं, हे मला कधीच पचलं नाही.

वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस आली की तिच्यासोबतचा अहवाल नातवाला वाचायला द्या. ताळेबंदात कर्ज किती, त्यावर सरकारची हमी किती, आणि तोडणी-वाहतुकीच्या खर्चातलं प्रत्यक्ष कोयत्याच्या हातात टनाला किती पडतं, हे तीन आकडे त्याला शोधायला सांगा. तिसरा आकडा अहवालात सापडला नाही, तर सभेत उभं राहून विचारा. तुम्हाला मत आहे, तुम्ही विचारू शकता.